'तुमच्या तिकडे' आणि 'आपल्या तिकडे'

शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले की एक प्रश्न अधूनमधून माझ्याकडे येतो. "सर, तुमच्या तिकडे काय चाललंय?" ऑगस्ट २०२१मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं तेव्हा हा प्रश्न आला. ऑगस्ट २०२४मध्ये शेख हसीना ढाका सोडून गेल्या तेव्हा आला. जून २०२५मध्ये इराणवर बॉम्ब पडले तेव्हाही आला. माझं 'तिकडे' म्हणजे मराठवाड्यातलं एक तालुक्याचं गाव. उन्हाळ्यात तिथे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. विचारणाऱ्याला त्या पाण्याची बातमी नको असते. ते सहकारी मनाने वाईट नाहीत. माझ्या आईच्या आजारपणात रात्री गाडी घेऊन आलेले तेच होते. पण त्यांच्या डोक्यात मी काबूल, ढाका आणि तेहरान या तिन्ही गावांचा एकाच वेळी रहिवासी आहे.

आता दुसरी बाजू. जुम्म्याची नमाज झाली की मशिदीसमोरच्या हॉटेलात आम्ही चहाला बसतो. तिथे वाक्य असतं, "सर, बघितलं का आपल्या तुर्कस्तानने काय केलं?" २०२०च्या लॉकडाऊनमध्ये 'एर्तुग्रुल' ही तुर्की मालिका उर्दूतून घराघरात पोहोचली. तेव्हापासून तर आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना तुर्कस्तान म्हणजे आजोळ वाटू लागलं. अंकाराची भाजी महागली, तिथल्या पत्रकारांना तुरुंगात टाकलं, कुर्दांचं काय झालं, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांना घोडे आणि तलवारी पुरतात.

स्टाफरूममधलं 'तुमच्या' आणि हॉटेलातलं 'आपल्या' हे दोन शब्द मला एकाच घरातले वाटतात. दोघांच्याही नकाशात मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत एकच हिरवा पट्टा आहे. एकाला त्याची भीती वाटते, दुसऱ्याला अभिमान वाटतो. त्या पट्ट्यातल्या एकाही देशाचा इतिहास दोघांनी वाचलेला नाही. हे मी कुणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. चाळिशी गाठेपर्यंत मीही वाचलेला नव्हता. बीएडला इतिहास माझा अध्यापन विषय होता. फ्रेंच राज्यक्रांतीची, दोन महायुद्धांची पाठ टाचणं मी झोपेतही काढू शकलो असतो. आशिया आणि आफ्रिका आमच्याकडे एका परिच्छेदात 'स्वतंत्र झाले' आणि संपले.

माझं म्हणणं सरळ आहे. मराठी मुसलमानांनी आशिया आणि आफ्रिकेतल्या देशांचा इतिहास, त्यांचं राजकारण, एकेका देशाचं एकेक पुस्तक घेऊन वाचलं पाहिजे. हे ज्ञान वाढवण्यासाठी म्हणत नाही. न वाचण्याची किंमत आपण रोज मोजतो आहोत, म्हणून म्हणतो.

सुरुवात माझ्याच विषयापासून करतो, कारण दोष माझाच आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. दरवर्षी २१ फेब्रुवारीला आमच्या शाळेत जागतिक मातृभाषा दिन साजरा होतो. उर्दू माध्यमाच्या वर्गांची बैतबाजी होते, मुलं उर्दूच्या गोडव्यावर भाषणं करतात, फळ्यावर रंगीत खडूने गालिबचं चित्र काढतात. मी सूत्रसंचालन करत आलो. हा दिवस २१ फेब्रुवारीलाच का, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खरं म्हणजे मलाच माहीत नव्हतं.

१९४७ साली पाकिस्तान झालं तेव्हा त्या देशातले निम्म्याहून जास्त लोक बंगाली बोलत. उर्दू ज्यांची मातृभाषा होती ते फार थोडे. तरी मार्च १९४८मध्ये जिनांनी ढाक्यात जाऊन जाहीर केलं की राज्यभाषा उर्दूच असेल, दुसरी कोणतीही नाही. गंमत म्हणजे हे भाषण त्यांनी इंग्रजीत केलं. २१ फेब्रुवारी १९५२ला ढाक्यातले विद्यार्थी जमावबंदी मोडून बाहेर पडले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. रफीक, बरकत, जब्बार, सलाम. नावं वाचा. चौघेही मुसलमान होते. गोळ्या झाडण्याचा हुकूम देणारं सरकारही मुसलमानांचंच होतं. भांडण होतं ते माझ्या भाषेच्या सक्तीवरून. पुढे १९५६च्या घटनेत बंगालीला जागा मिळाली, पण तोवर मन तुटलं होतं. डिसेंबर १९७०च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या आणि देशाच्या संसदेत बहुमत मिळवलं. सत्ता मिळायची त्याऐवजी २५ मार्च १९७१च्या रात्री लष्कर रस्त्यावर उतरलं. बाकीचं सगळ्यांना ठाऊक आहे.

ढाक्यातल्या त्या शहीद पोरांची आठवण म्हणून युनेस्कोने १९९९ साली हा दिवस जाहीर केला. म्हणजे उर्दू लादण्याविरुद्ध जे मेले त्यांच्या पुण्यतिथीला आम्ही उर्दूची बैतबाजी करत होतो. फैज १९७४मध्ये ढाक्याला जाऊन आले आणि त्यांनी परतल्यावर एक गझल लिहिली. ती मी कितीतरी वर्षं प्रेमाची गझल समजून ऐकली. वर्गात शिकवताना आशयही तसाच सांगितला. ती एका देशाने आपल्याच माणसांशी केलेल्या वागणुकीवरची खंत आहे, हे मला एका पुस्तकाच्या तळटीपेतून कळलं. त्या रात्री मला माझी लाज वाटली.

पुढच्या वर्षी मी नववीच्या वर्गात हे सगळं सांगितलं. सोबत हेही सांगितलं की बांगलादेश झाल्यावर तिथल्या उर्दू बोलणाऱ्या बिहारी मुसलमानांचे हाल झाले. ते पिढ्यान् पिढ्या ढाक्याच्या जिनिव्हा कॅम्पसारख्या छावण्यांत राहिले आणि २००८ साली तिथल्या उच्च न्यायालयाने निकाल दिल्यावर त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न सुटू लागला. इतिहासात एका बाजूला सगळे सज्जन आणि दुसऱ्या बाजूला सगळे दुर्जन असं नसतं, हे मुलांना कळावं एवढाच हेतू होता. तिसऱ्या दिवशी एक पालक भेटायला आले. म्हणाले, "सर, बच्चों के दिल में उर्दू की नफरत क्यों डाल रहे हो? आधीच आपल्याला बोलणारे कमी आहेत का? ये बातें बाहर गईं तो?"

या 'बाहर गईं तो' मध्ये आपली सगळी गोम आहे.

आपल्याला वाटतं मुसलमान देशांच्या चुकांची चर्चा केली की विरोधकांच्या हाती कोलीत मिळतं. म्हणून आपण गप्प बसतो, किंवा सगळं अमेरिका आणि इस्राईलवर ढकलतो. विरोधकांना कोलीत केव्हाच मिळालेलं आहे. त्यांच्या मोबाइलवर रोज सकाळी येतं, बहुतेक वेळा खोटं. आपण वाचत नाही म्हणून आपल्याला उत्तर देता येत नाही, आणि उत्तर देता येत नाही म्हणून आपण आणखी चिडतो. मला त्या पालकाला सांगायचं होतं की भाऊ, उर्दूवर माझं पोट चालतं. तिच्यावर माझं तुमच्याइतकंच प्रेम आहे. पण भाषा दुसऱ्याच्या गळ्यात बांधली की काय होतं हे उर्दूवाल्याने सांगितलं नाही तर कोण सांगणार? आणि महाराष्ट्रात उद्या कुणी कुणाची भाषा दाबायला निघालं, तर ढाक्याचा दाखला आपल्याच कामी येईल की नाही?

दुसरं उदाहरण आपल्या आजोबा-पणजोबांचं. मुंबईत भायखळ्याला खिलाफत हाऊस आहे. ईद-ए-मिलादचा जुलूस तिथून निघतो. खिलाफत चळवळीत सामान्य माणसांनी काय दिलं याच्या कहाण्या घराघरात आहेत. बायांनी दागिने उतरवून दिले, वकिलांनी वकिली सोडली. १९२० साली हजारो लोक घरदार विकून हिजरत करून अफगाणिस्तानकडे निघाले. अमीर अमानुल्लाहने शेवटी दारं लावून घेतली आणि कित्येकजण भुकेने, रोगराईने वाटेत गेले. त्या त्यागाची मी चेष्टा करणार नाही. गांधीजींबरोबर हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून उभे राहिले ते त्याच चळवळीत.

पण ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांच्या घरात काय चाललं होतं? मक्केचा शरीफ हुसेन १९१६ सालीच इंग्रजांच्या मदतीने उस्मानी सत्तेविरुद्ध उठला होता. तुर्कांना स्वतःला खलिफा नकोसा झाला होता. १९२३च्या अखेरीस आगा खान आणि अमीर अली यांनी लंडनहून इस्मत पाशांना पत्र लिहिलं की खलिफाचा मान राखा. ते पत्र इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आलं आणि अंकारातले नेते भडकले. आमच्या राज्यकारभारात हिंदुस्तानातल्या मंडळींनी नाक का खुपसावं, असा त्यांचा सूर होता. ३ मार्च १९२४ला तुर्कस्तानच्या संसदेने खिलाफत मोडीत काढली. हिंदुस्तानातून गेलेल्या पैशातला उरलेला हिस्सा मुस्तफा कमालने त्याच वर्षी एक बँक काढायला वापरला. ती इश बँक आजही चालू आहे.

हे वाचून वाईट वाटतं, वाटलंच पाहिजे. पण त्यात एक धडा आहे. आपण तुर्कांवर प्रेम केलं, त्यांना वाचलं नाही. त्यांना काय हवं आहे हे विचारलं नाही. त्यांच्याकडून एक माणूस मात्र आपल्याला वाचायला आला होता. हालिदे एदिब ही तुर्की लेखिका स्वातंत्र्ययुद्धात वावरलेली. ती १९३५ साली हिंदुस्तानात आली, दिल्लीच्या जामियात तिने व्याख्यानं दिली आणि परत गेल्यावर 'इन्साइड इंडिया' नावाचं पुस्तक लिहिलं. एका तुर्की बाईने आपल्यावर पुस्तक लिहिलं. आपण तुर्कस्तानवर एर्तुग्रुलची स्टेटस ठेवली.

इंडोनेशियाचं नाव आपण फक्त 'जगात सर्वात जास्त मुसलमान' या एका वाक्यात घेतो. त्या देशाच्या घटनेचा मसुदा १९४५मध्ये होत होता, तेव्हा मुसलमानांनी शरीयत पाळण्याच्या बंधनाचे सात शब्द त्यात होते. पूर्वेकडच्या ख्रिस्ती भागातून हरकत आली. मोहम्मद हत्तांनी मुस्लिम पुढाऱ्यांशी बोलून १८ ऑगस्ट १९४५ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या घोषणेनंतर दुसऱ्याच दिवशी, ते सात शब्द काढून टाकले. त्यावरून पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. पण अल्पसंख्याकांना सोबत ठेवण्यासाठी मुसलमान बहुसंख्याकांनी हात मागे घेतला, हे आपण कुणाला कधी सांगितलं का? आपण अल्पसंख्याक आहोत. हे उदाहरण तर आपल्या पाठ असायला हवं होतं.

आणि त्याच देशात १९६५-६६मध्ये कम्युनिस्ट ठरवून किमान पाच लाख माणसं मारली गेली. मारणारं लष्कर होतं आणि त्यांच्या मदतीला धार्मिक संघटनांचे तरुणही होते. मरणाऱ्यांतही बहुतेक मुसलमान होते. प्रमुद्या अनंता तूर हा त्यांचा मोठा लेखक तेव्हा पकडला गेला. चौदा वर्षं खटल्याशिवाय कैदेत, त्यातली दहा बुरू बेटावर. कागद मिळत नव्हता तेव्हा त्याने आपली कादंबरी सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. सुटल्यावर १९८०मध्ये ती छापली, तर सरकारने पुढच्याच वर्षी बंदी घातली. अभिमान वाटावा आणि मान खाली जावी, अशा दोन्ही गोष्टी एकाच देशात आहेत. हिरव्या पट्ट्यात या दोन्हींना जागा नाही.

आफ्रिकेबद्दल तर बोलायलाच नको. मकतबात आपल्याला हजरत बिलाल शिकवले जातात. मक्केत छळ झालेल्या पहिल्या मुसलमानांना आसरा देणारा हबशाचा ख्रिस्ती राजा नज्जाशी शिकवला जातो. तो हबश देश म्हणजे आजचा इथिओपिया, त्याच भागातला, हे नकाशावर बोट ठेवून मला कुणी दाखवलं नाही. ज्या शहराला आम्ही मराठवाड्याची राजधानी म्हणतो ते मुळात खडकी या नावाने वसवणारा मलिक अंबर त्याच मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा. निजामशाहीचा कारभार त्याने हाती घेतला, मोगलांना दख्खनमध्ये वर्षानुवर्षं झुलवलं, १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. त्याची कबर खुलताबादला आहे. आम्ही उरुसाला जातो, कबरीवरून पुढे निघून जातो. काळ्या माणसाला आजही आपल्या बोलण्यात 'हबशी' ही शिवी आहे. बिलालचं नाव मुलाला ठेवायचं आणि कातडी काळी म्हणून मुलगी नाकारायची, हे आपल्याच मोहल्ल्यात चालतं.

मग सुदानबद्दल आपण गप्प का, याचं उत्तर सापडतं. १५ एप्रिल २०२३पासून तिथे लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध चालू आहे. एक कोटीहून अधिक लोक घर सोडून पळाले. दारफुरमध्ये अल जिनैना शहरात मसालीत जमातीच्या लोकांना वेचून मारलं. मारणारे मुसलमान, मरणारे मुसलमान. गाझासाठी आपण दुआ करतो, केलीच पाहिजे, आणि तिथे जे झालं त्याच्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण सुदानसाठी आमच्या मशिदीत किती वेळा हात उचलले गेले? मला एकदाही आठवत नाही. तिथे शत्रू बाहेरचा नाही, म्हणून आपल्याला गोष्ट सांगता येत नाही. उम्मत उम्मत म्हणतो, पण ज्या उम्मतीत बाहेरचा खलनायक नसेल तिच्याकडे आपण बघतही नाही.

दारफुरचं आधीचं प्रकरण समजून घ्यायचं असेल तर महमूद ममदानी वाचावेत. मुंबईत जन्मलेला, कंपालात वाढलेला, इदी अमीनने १९७२मध्ये इतर आशियाई लोकांबरोबर युगांडातून हाकललेला हा अभ्यासक. रवांडात १९९४ साली शंभर दिवसांत लाखो माणसं शेजाऱ्यांनीच मारली. ते कसं घडलं, हुतू आणि तुत्सी या ओळखी बेल्जियमच्या राजवटीने ओळखपत्रांवर कशा पक्क्या केल्या, हे ममदानी सांगतात. मात्र साहेबावर सगळं ढकलून ते मोकळे होत नाहीत. शेजाऱ्याने कोयता का उचलला, हा प्रश्न ते सोडत नाहीत. दंगली बघितलेल्या माणसाला ते पुस्तक परकं वाटणार नाही.

आता हरकती. पहिली, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. इथे आपलेच प्रश्न कमी आहेत का?" कमी नाहीत. पण घोडं आपण धाडून घेतलेलं नाही, ते रोज आपल्या दाराशी आणून बांधलं जातं. 'तुमच्या तिकडे' हा प्रश्न मी विचारत नाही, मला विचारला जातो. त्यावर 'माहीत नाही' म्हणणं हा माझा हक्क आहे, पण तो हक्क माहिती असणाऱ्याने वापरला तर शोभतो.

दुसरी हरकत, पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि महाग आहेत. ही खरी अडचण. मराठीने हे दालन अगदी रिकामं ठेवलेलं नाही. अरुण साधूंनी 'आणि ड्रॅगन जागा झाला' लिहून चीनची क्रांती मराठी घरात आणली. प्रतिभा रानडे काबूलमध्ये राहिल्या आणि अफगाणिस्तान, पाकिस्तानवर त्यांनी समजून लिहिलं. निळू दामले स्वतः फिरून 'अवघड अफगाणिस्तान' आणि 'इस्तंबूल ते कैरो' लिहितात. या लोकांचे आपल्यावर उपकार आहेत. पण यात आपण कुठे आहोत? आपल्यापैकी कितीतरी जणांना मराठी, उर्दू, हिंदी आणि कामापुरती इंग्रजी येते. मदरशातून आलेल्यांना अरबी, फारसी येते. इंतिजार हुसेन यांची 'बस्ती' मूळ उर्दूतून वाचू शकणारे मराठी लोक आपणच. शेख मुजीब यांनी तुरुंगात लिहिलेलं अपूर्ण आत्मचरित्र छापून आलं आहे. कोकणातल्या घराघरातले लोक केपटाऊनपासून कुवेतपर्यंत पिढ्यान् पिढ्या जाऊन राहिले. एवढं सगळं हाताशी असून आपण मराठीत काय लिहितो? 'इस्लाम शांततेचा धर्म आहे' याच्या विसाव्या आवृत्त्या. मग वाचनालयात माणूस 'इस्लामी देश' शोधायला गेला की त्याच्या हाती दुसऱ्यांनीच लिहिलेलं पडतं, आणि आपण तक्रार करतो की आपली बाजू कुणी मांडत नाही. लिहिणाऱ्याला कोणी अडवलंय?

तिसरी हरकत त्या पालकांची. तिला मी एवढंच म्हणेन की मुलाला खरं आधी आपल्याकडून कळलं तर ते उभं राहतं. बाहेरून, टोमणा म्हणून कळलं तर ते खचतं किंवा कडवं होतं. दोन्ही प्रकारची मुलं मी वर्गात बघितली आहेत.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. ज्यांना दोन भाषा येतात त्यांनी वर्षाला एका देशाचं एक पुस्तक वाचावं आणि त्यावर मराठीत चार पानं लिहावीत. जमात, मोहल्ला कमिटी, तरुण मंडळ जलशावर जेवढा खर्च करतात त्याच्या दहाव्या हिश्श्यात एक कपाट भरतं. आणि शिक्षकांनी निदान आपल्या विषयात खोटं शिकवू नये. मी शिकवलं, म्हणून सांगतो.

स्टाफरूममधल्या त्या सहकाऱ्यांना मी परवा विचारलं, "कोणत्या तिकडे? तिकडे पन्नास देश आहेत." ते जरा गोंधळले, मग म्हणाले, "तुम्हीच सांगा, कुठून सुरुवात करू?" मी त्यांना पुस्तक आणून देणार आहे. ते वाचतील की नाही माहीत नाही.

यंदाही २१ फेब्रुवारीला शाळेत फलक लागेल, बैतबाजी होईल. मुलांना ती आवडते आणि ती बंद करायचं काही कारण नाही. पण सुरुवातीला चार नावं घेतली जातील, रफीक, बरकत, जब्बार, सलाम, आणि ते कोण होते हे नववीतली एक मुलगी उर्दूतून सांगेल. तिचे वडील तेच पालक आहेत. तिने स्वतःहून नाव दिलं आहे.